लघवीची घाई, औषधांच्या चाचण्या आणि त्यातले आकडे

अनुराधा_क (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. ज्यांना हा त्रास आहे ते घरातसुद्धा बोलत नाहीत, आणि कुणी बोललंच तर 'वय झालं की व्हायचंच' असं म्हणून विषय मिटवला जातो. त्रास असा, की लघवीची भावना अचानक आणि इतक्या जोरात येते की हातातलं काम टाकून धावावं लागतं. काहींना पोचेपर्यंत दम निघत नाही आणि कपडे ओले होतात. दिवसात दहा-बारा वेळा जाणं, रात्री दोन-तीनदा उठणं हे सोबत असतंच. डॉक्टर याला 'ओव्हरअ‍ॅक्टिव्ह ब्लॅडर' म्हणतात. २००२ साली इंटरनॅशनल कॉन्टिनन्स सोसायटीने याची जी व्याख्या पक्की केली, तिच्या मध्यभागी ही 'घाई' आहे, गळणं नाही. गळत नसलं तरी घाई असेल तर तो हाच त्रास. २००६ मध्ये कॅनडा, जर्मनी, इटली, स्वीडन आणि ब्रिटन या पाच देशांत १९ हजारांहून अधिक लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात ११.८ टक्के प्रौढांना ही लक्षणं होती, आणि स्त्री-पुरुषांमधलं प्रमाण जवळपास सारखंच होतं. म्हणजे हा फक्त बाळंतपणं झालेल्या बायकांचा आजार नव्हे.

मी औषधचाचण्यांच्या डेटा मॅनेजमेंटमध्ये काम करते. डॉक्टर नाही, त्यामुळे कुणी कोणती गोळी घ्यावी हे मी सांगणार नाही. पण या आजाराच्या चाचण्यांचे आकडे कसे तयार होतात ते मी जवळून पाहते. पेपरात किंवा फॉरवर्डमध्ये ते ज्या तऱ्हेने फिरतात ते पाहून वाईट वाटतं, म्हणून हे लिहिते आहे.

आधी औषधांबद्दल थोडं. मूत्राशयाच्या भिंतीत डेट्रुसर नावाचा स्नायू असतो. अ‍ॅसिटिलकोलिन हे रसायन त्याच्यावरच्या मस्करिनिक ग्राहींना (म्हणजे रसायनाचा संदेश घेणाऱ्या जागांना), मुख्यतः एम-३ ला, चिकटलं की तो आवळतो. जुनी सगळी औषधं हा रस्ता अडवतात. ऑक्सिब्युटिनिनला अमेरिकेत १९७५ मध्ये मान्यता मिळाली, टॉल्टेरोडिनला १९९८ मध्ये. सोलिफेनासिन, डॅरिफेनासिन आणि ट्रॉस्पियम ही तिन्ही २००४ मध्ये आली. अडचण अशी की हेच ग्राही लाळग्रंथींत, आतड्यात, डोळ्यात आणि मेंदूतही असतात. म्हणून तोंडाला कोरड, बद्धकोष्ठ, अंधुक दिसणं. दुसरा रस्ता बीटा-३ ग्राहींचा. मूत्राशय भरत असताना हे ग्राही स्नायूला सैल ठेवतात, आणि मिराबेग्रॉन त्यांना चेतवतं. हे औषध सुरुवातीला मधुमेहासाठी तपासलं जात होतं. पुढे मूत्राशयासाठी जपानमध्ये २०११ मध्ये आणि अमेरिकेत २०१२ मध्ये त्याला मान्यता मिळाली.

आता चाचणी. बीपीच्या औषधाची चाचणी असेल तर यंत्र लावून आकडा मिळतो. इथे असं कुठलंच यंत्र नाही. इथे असते रुग्णाने स्वतः लिहिलेली नोंदवही. साधारण तीन दिवस, दर वेळी: किती वाजता गेलो, घाई किती होती, गळलं का. ठरावीक दिवशी किती मिलिलिटर झाली तेही. मोठ्या चाचण्यांत प्रवेशासाठी साधारण अट अशी असते की दिवसाला सरासरी आठ किंवा जास्त वेळा लघवी व्हावी आणि तीन दिवसांत निदान तीन वेळा घाई नोंदलेली असावी. त्याआधी दोन आठवडे सगळ्यांनाच प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली पण तशीच दिसणारी गोळी देतात. मग चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पडतात आणि बारा आठवडे कोण काय घेतंय हे रुग्णालाही माहीत नसतं, डॉक्टरलाही नसतं.

मिराबेग्रॉनच्या 'स्कॉर्पिओ' या युरोप-ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत जवळपास दोन हजार लोक होते. सुरुवातीला ते दिवसाला सरासरी साडेअकराच्या आसपास वेळा लघवीला जात होते. बारा आठवड्यांनी प्लासिबो गटात हे प्रमाण १.३४ ने कमी झालं, मिराबेग्रॉन ५० मिलिग्रॅम गटात १.९३ ने आणि टॉल्टेरोडिन गटात १.५९ ने. गळण्याचे प्रसंग अनुक्रमे १.१७, १.५७ आणि १.२७ ने घटले.

हे आकडे सावकाश वाचा. 'नव्या औषधाने लघवीच्या दोन फेऱ्या कमी' ही बातमी खरी आहे. पण त्यातल्या सव्वा फेरीहून जास्त तर नुसत्या प्लासिबोनेही कमी झाल्या. औषधाचा स्वतःचा वाटा दिवसाला सुमारे ०.६ फेरी. उलट 'औषध म्हणजे फसवणूक' असं म्हणणंही चूक आहे, ते का ते चर्चेत येईलच.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. चाचणी बारा आठवड्यांची आणि गोळी वर्षानुवर्षांची. २०१२ मध्ये ब्रिटनमधल्या प्रिस्क्रिप्शनांचा एक अभ्यास आला. वर्षभरानंतर तेच औषध चालू ठेवणाऱ्यांचं प्रमाण सर्वांत चांगल्या औषधालाही, सोलिफेनासिनला, ३५ टक्केच होतं. बाकीच्यांना त्याहून कमी. म्हणजे बहुतेकांनी गोळी सोडली. का सोडली हे चाचणीतले आकडे सांगत नाहीत, ते या धाग्यावरचे लोक सांगू शकतील.

टोपणनावाने लिहा. पण लिहा.

---

गोदातीर

उत्तम धागा, पण एक शंका. नुसत्या प्लासिबोने सव्वा-दीड फेरी कमी होते, तर याचा अर्थ हा आजारच मनाचा आहे असा घ्यायचा का? माझी मोठी जाऊ नेमकं हेच म्हणते, आणि मला ते पटत नाही.

---

अनुराधा_क

जाऊबाईंना सांगा, अजिबात नाही. प्लासिबो गटात तीन-चार गोष्टी एकत्र घडत असतात. एक म्हणजे माणूस डॉक्टरकडे जातो तेव्हा त्रास शिगेला पोचलेला असतो. काहीही केलं नाही तरी पुढच्या काही आठवड्यांत तो थोडा सरासरीकडे येतोच. दुसरी गोष्ट मला फार मोलाची वाटते. नोंदवही लिहायला लागलं की माणसाला स्वतःच्या सवयी दिसतात. दुपारचा तिसरा चहा दिसतो. बाहेर पडायच्या आधी 'असू दे, जाऊन येऊ' म्हणून गेलेल्या फेऱ्या दिसतात. लिहायचं आहे म्हणून माणूस पाच मिनिटं थांबतो. हे मूत्राशयाला वळण लावणंच आहे, फक्त त्याला उपचार म्हटलेलं नसतं. शिवाय दर काही आठवड्यांनी कुणीतरी आस्थेने 'कसं आहे आता?' असं विचारतं. आपल्याकडे हा प्रश्न या त्रासाबद्दल कुणी विचारत नाही.

यामुळेच या आजाराच्या चाचण्यांमध्ये औषधाला चांगल्या झालेल्या प्लासिबो गटाच्या वर चढून दाखवावं लागतं. चाचण्यांचे पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २००६ च्या आढाव्यात ६१ चाचण्या एकत्र पाहिल्या होत्या. जुन्या गटातल्या औषधांनी प्लासिबोपेक्षा आठवड्याला सुमारे चार गळण्याचे प्रसंग आणि पाच फेऱ्या कमी झाल्या. आठवड्याला, दिवसाला नव्हे. फरक लहान आहे पण खरा आहे. आणि सरासरीच्या आत कुणाला काहीच फायदा नसतो, कुणाला खूप असतो. आठवड्यात चार वेळा साडी किंवा पँट बदलावी न लागणं ज्याला मिळतं, त्याला ते लहान वाटत नाही.

---

शल्यक_कोल्हापूर

मी युरॉलॉजिस्ट आहे. लेख नीट वाचला, आकडे बरोबर आहेत. दोन गोष्टींची भर घालतो.

चाचणीत येणारा रुग्ण आधी गाळून घेतलेला असतो. ज्यांना लघवीचा जंतुसंसर्ग आहे, ज्यांना मुख्यतः खोकताना-शिंकताना गळतं, ज्यांना दिवसाला तीन लिटरहून जास्त लघवी होते अशांना बाहेर ठेवतात. माझ्या ओपीडीत हे गाळण कुणी करून पाठवत नाही. 'लघवी आवरत नाही' म्हणून येणाऱ्यांत ताबा सुटलेला मधुमेह असतो, मुतखडा असतो, पुरुषांमध्ये प्रोस्टेट असतं. आणि आपल्या देशात एक गोष्ट कधीही विसरू नये, ती म्हणजे मूत्रमार्गाचा क्षयरोग. वारंवार लघवी, तपासणीत पू पेशी भरपूर, पण नेहमीच्या कल्चरमध्ये जंतू उगवत नाहीत, असं असेल तर क्षयाची तपासणी झालीच पाहिजे. क्षयाने मूत्राशय आक्रसत जातं. अशा रुग्णाला वर्षभर टॉल्टेरोडिन देत राहिलं तर त्याचं अपरिमित नुकसान होतं. लघवीतून रक्त जात असेल तर तेही आधी शोधायचं, गोळी नंतर.

म्हणून औषध दुकानात जाऊन 'वारंवार लघवीची गोळी द्या' असं करू नका. लघवीची तपासणी, साखर, आणि लघवी करून आल्यावर आत किती उरते ते सोनोग्राफीवर पाहणं, एवढं तरी आधी व्हायला हवं. खर्च फार नाही. काचबिंदू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्याच्या एका प्रकारात जुन्या गटातली औषधं चालत नाहीत.

मिराबेग्रॉनबद्दल: तोंड कोरडं पडत नाही हा त्याचा मोठा गुण. स्कॉर्पिओतच पाहा, कोरड प्लासिबोला २.६ टक्के, मिराबेग्रॉनला २.८ आणि टॉल्टेरोडिनला १०.१. पण रक्तदाब बघत राहावं लागतं. १८०/११० किंवा वर असलेल्या, ताब्यात नसलेल्या रक्तदाबात ते देऊ नये असा इशारा युरोपच्या औषध संस्थेने २०१५ मध्ये दिला.

---

माधवी_ओझर

अनुराधाताई, खूप धीर करून लिहिते आहे.

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. शाळेचं स्वच्छतागृह पटांगणाच्या पलीकडे आहे. वर्गात चाळीस मुलं सोडून धावत जायचं आणि तेही दर तासाला, हे मुलांनाही कळतं. एसटीने जाते म्हणून सकाळपासून पाणी पीत नाही. डॉक्टरांनी टॉल्टेरोडिन दिली. फरक पडला, खरंच पडला. पण शिकवताना जीभ टाळ्याला चिकटायची. दिवसभर बोलायचं काम, आणि पाणी प्यावं तर पुन्हा तीच भीती. शेवटी मीच बंद केली. डॉक्टरांना सांगितलं नाही, त्यांना वाटलं असतं की ही औषध नीट घेत नाही.

ताईंनी लिहिलेल्या त्या ब्रिटनच्या आकड्यात मीही बसते. मला वाटत होतं मी एकटीच अशी.

---

अनुराधा_क

माधवीताई, तुम्ही लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. 'तोंडाला कोरड : होय' एवढीच नोंद आमच्या तक्त्यात येते. ज्यांचं कामच बोलण्याचं आहे त्यांच्यासाठी तिचा अर्थ काय, ते तक्त्यात कुठेच येत नाही.

डॉक्टरांना नक्की सांगा. औषध सोडलं हे लपवलं तर ते समजतील की औषध लागू पडलं नाही आणि त्याच गटातला डोस वाढवतील. तुमच्या बाबतीत औषध लागू पडलं होतं, सहन झालं नाही. पुढचं औषध निवडताना हा फरक फार महत्त्वाचा असतो.

---

मुक्ता_फिजिओ

मी ओटीपोटाच्या स्नायूंचं फिजिओथेरपीचं काम करते. या चर्चेत १९९८ ची एक चाचणी यायलाच हवी. 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आलेली, बर्जिओ आणि सहकाऱ्यांची. ५५ ते ९२ वयाच्या १९७ स्त्रिया, तीन गट: एकाला वर्तन प्रशिक्षण, एकाला ऑक्सिब्युटिनिन, एकाला प्लासिबो. गळण्याचे प्रसंग प्रशिक्षण गटात ८०.७ टक्क्यांनी कमी झाले, औषध गटात ६८.५ आणि प्लासिबो गटात ३९.४ टक्क्यांनी. चार भेटींचं प्रशिक्षण औषधापेक्षा सरस ठरलं!

यात जादू काही नाही. घाई आली की धावायचं नाही, हा पहिला धडा. धावलं की पोटावर दाब येतो आणि लक्ष पूर्ण तिकडे लागतं. जागीच थांबायचं, शक्य असेल तर बसायचं. ओटीपोटाचे स्नायू, म्हणजे लघवी अडवताना जे आवळतो ते, पटापट चार-पाच वेळा आवळून सोडायचे. त्या आवळण्याने मूत्राशयाचा स्नायू सैल पडतो. घाईची लाट ओसरली की मग सावकाश चालत जायचं. पहिल्या आठवड्यात जमत नाही. दीड-दोन महिने चिकाटी लागते. आणि स्नायू नेमका कोणता हे एकदा तज्ज्ञाकडून शिकून घ्यावं. कित्येक जणी पोट आणि मांड्याच आवळत बसतात.

माधवीताई, पाणी तोडू नका. लघवी गडद आणि दाट झाली की मूत्राशय आणखी चिडतं. चहा-कॉफी मात्र कमी करून बघा.

---

नाना_वाईकर

मी ७४ वर्षांचा. प्रोस्टेटच्या गोळीबरोबर ऑक्सिब्युटिनिन चालू आहे. मुलाने मला मोबाइलवर पाठवलं की या गोळीने स्मृतिभ्रंश होतो. तेव्हापासून चष्मा कुठे ठेवला हे विसरलो तरी सौ. माझ्याकडे बघत राहते. ती म्हणते गोळी आजच बंद करा. माझा प्रश्न सरळ आहे. हे खरं का? आणि खरं असेल तर किती खरं?

---

अनुराधा_क

नाना, प्रश्न योग्य आहे आणि उत्तरही सरळच द्यायला हवं. त्या फॉरवर्डच्या मुळाशी बहुधा दोन मोठे अभ्यास आहेत.

पहिला अमेरिकेतल्या सिएटलचा, २०१५ चा. ६५ च्या पुढचे ३४३४ लोक, सरासरी ७.३ वर्षं पाठपुरावा, ७९७ जणांना स्मृतिभ्रंश. अ‍ॅसिटिलकोलिन अडवणारी औषधं ज्यांनी सर्वांत जास्त घेतली होती, म्हणजे उदाहरणार्थ ऑक्सिब्युटिनिन रोज ५ मिलिग्रॅम तीन वर्षांहून अधिक, त्यांच्यात धोका न घेणाऱ्यांच्या सुमारे दीडपट होता. दुसरा ब्रिटनचा, २०१९ चा. स्मृतिभ्रंश झालेले ५८,७६९ रुग्ण आणि तुलनेसाठी सव्वादोन लाखांहून अधिक लोक. मूत्राशयाच्या या गटातल्या औषधांच्या सर्वांत जास्त वापराला धोक्याचं गुणोत्तर १.६५ आलं.

आता 'किती खरं'. हे दोन्ही निरीक्षणात्मक अभ्यास आहेत, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली चाचणी नव्हे. स्मृतिभ्रंशाच्या अगदी सुरुवातीच्या काळात, विसरणं दिसायच्याही आधी, मेंदूचा मूत्राशयावरचा ताबा ढिला पडू शकतो. म्हणजे काहींच्या बाबतीत आजाराने लघवीचा त्रास झाला आणि त्या त्रासासाठी गोळी घेतली, असा उलटा क्रम असू शकतो. संशोधकांनी तो वगळण्यासाठी निदानाच्या आधीच्या वर्षांतला वापर सोडून हिशेब केला, तरी तो पूर्ण वगळता येत नाही. आणि दीडपट म्हणजे निम्म्या लोकांना होतो असं मुळीच नाही. मूळ धोका जितका, त्याच्या दीडपट.

पण मी या धोक्याकडे दुर्लक्ष करा असं म्हणणार नाही. ऑक्सिब्युटिनिन मेंदूत शिरतं हे निश्चित आहे. २००६ मध्ये साठीच्या पुढच्या १५० निरोगी लोकांवर एक नीट चाचणी झाली होती. तीन आठवड्यांत ऑक्सिब्युटिनिन गटाची चेहरा आणि नाव यांची सांगड घालण्याची स्मृती घसरली. डॅरिफेनासिन गट प्लासिबोसारखाच राहिला. सगळी औषधं एका मापाने मोजता येत नाहीत ती यामुळे.

---

शल्यक_कोल्हापूर

नाना, अनुराधाताईंच्या लिहिण्याला जोडून. गोळी तुमच्या मनाने बंद करू नका, पण येत्या आठवड्यात तुमच्या डॉक्टरांना भेटा आणि तीन प्रश्न विचारा. मला अजून या गोळीची गरज आहे का? लघवी झाल्यावर आत किती उरते ते मोजलं आहे का? आणि माझ्या वयाला ऑक्सिब्युटिनिनऐवजी दुसरं काही चालेल का? प्रोस्टेटवाल्यांमध्ये दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा, कारण जुन्या गटातल्या औषधाने लघवी तुंबू शकते. झोपेची, सर्दीची, अ‍ॅलर्जीची, नैराश्याची गोळी चालू असेल तर तीही घेऊन जा. त्यातली बरीच औषधं अ‍ॅसिटिलकोलिनच अडवतात आणि मेंदूवरचा भार बेरजेने वाढतो.

सत्तरीपुढच्या रुग्णाला मी स्वतः आता ऑक्सिब्युटिनिनने सुरुवात करत नाही. मेंदूत फारसं न शिरणारं ट्रॉस्पियम किंवा बीटा-३ गटातलं औषध आधी पाहतो. ६५ पुढच्या लोकांवरच्या 'पिलर' चाचणीत मिराबेग्रॉनने बारा आठवड्यांत बुद्धीच्या चाचणीतले गुण घसरले नाहीत. बारा आठवडे म्हणजे फार नाहीत, हेही तितकंच खरं.

---

एडिसनकर

न्यू जर्सीत फार्मसिस्ट आहे. इथल्या आपल्या मराठी काका-काकूंची औषधं बघतो म्हणून एक सूचना. मिराबेग्रॉन यकृतातलं सीवायपी-२डी६ नावाचं विकर मंदावतं. मेटोप्रोलॉल हे रक्तदाबाचं औषध त्याच वाटेने शरीराबाहेर जातं. दोन्ही एकत्र घेतली तर मेटोप्रोलॉलची रक्तातली पातळी वाढते आणि नाडी मंद होऊ शकते. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध घेणाऱ्यांनीही डॉक्टरांना सांगायला हवं. मिराबेग्रॉनची गोळी हळूहळू विरघळणारी असते, ती कुटून किंवा चावून घेऊ नका.

बीटा-३ गटातलंच दुसरं औषध व्हिबेग्रॉन. जपानमध्ये २०१८, अमेरिकेत डिसेंबर २०२० मध्ये मान्यता. 'एम्पॉवर' चाचणीत १५०० हून अधिक लोक होते. फेऱ्या व्हिबेग्रॉनने १.८, प्लासिबोने १.३ आणि टॉल्टेरोडिनने १.६ ने घटल्या. रक्तदाब वाढल्याची नोंद व्हिबेग्रॉन आणि प्लासिबो दोन्हींत १.७ टक्के. नानांसाठी: प्रोस्टेटचं औषध चालू असलेल्या पुरुषांमध्ये वापरायलाही डिसेंबर २०२४ मध्ये इथे परवानगी मिळाली.

इथली अडचण विम्याची. कंपन्या म्हणतात आधी स्वस्त ऑक्सिब्युटिनिन वापरून अपयशी व्हा, मग महाग औषधाचे पैसे देऊ. ८० वर्षांच्या आजींना हे सांगताना मला दर वेळी त्रास होतो. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेने पायरी-पायरीने चढण्याचा आग्रह सोडला आहे. रुग्णाशी बोलून, त्याची गरज पाहून उपचार ठरवा असं ती म्हणते.

---

पुराव्यानेशाबीत

इथे दिलेल्या मोठ्या औषधचाचण्या बहुतेक कंपन्यांच्याच पैशांवर झालेल्या ना? मग विश्वास किती ठेवायचा?

---

अनुराधा_क

स्कॉर्पिओ आणि एम्पॉवर कंपन्यांच्याच. आकडे खोटे असतात असं मी म्हणणार नाही. नोंदी तपासायला बाहेरचे लोक येतात, आणि ते किती कसून तपासतात हे मी पाहते. पण प्रश्न कोणता विचारायचा हे पैसे देणारा ठरवतो. स्कॉर्पिओत टॉल्टेरोडिनचा गट होता, पण मिराबेग्रॉन त्याच्यापेक्षा सरस आहे का हे ठरवण्यासाठी ती चाचणी आखलेलीच नव्हती. शिवाय त्यातल्या जवळपास निम्म्या लोकांनी आधी जुन्या गटातलं औषध घेतलेलं होतं. त्यातल्या ज्यांना ते लागू पडलं नव्हतं अशांना पुन्हा टॉल्टेरोडिन दिलं, तर ते फिकं दिसणारच. तरी बाहेर बोलताना लोक 'नवं जुन्यापेक्षा चांगलं' असंच म्हणतात.

सरकारी पैशांवर झालेलीही कामं आहेत. २०१२ ची 'एबीसी' चाचणी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेची. सुमारे अडीचशे स्त्रिया, एका गटाला रोज जुन्या गटातली गोळी आणि खोटं इंजेक्शन, दुसऱ्याला मूत्राशयात बोटुलिनम टॉक्सिन या स्नायू सैल करणाऱ्या औषधाचं एक इंजेक्शन आणि खोटी गोळी. सहा महिन्यांत गळण्याचे प्रसंग दोन्हीकडे जवळपास सारखेच घटले, दिवसाला पाचावरून ३.४ आणि ३.३ ने. पण गळणं पूर्ण थांबलेल्या स्त्रिया गोळीच्या गटात १३ टक्के आणि इंजेक्शनच्या गटात २७ टक्के. उलट इंजेक्शनवाल्या ३३ टक्के स्त्रियांना जंतुसंसर्ग झाला, गोळीवाल्या १३ टक्क्यांना. काहींना काही काळ लघवी काढायला कॅथेटर (नळी) लावावा लागला. कोणता उपचार 'जिंकला' हे या चाचणीने सांगितलं नाही. कशाच्या बदल्यात काय मिळतं ते सांगितलं. मला अशा चाचण्या हव्याशा वाटतात.

---

गोदातीर

आपल्याकडे अशा चाचणीत भाग घ्यायचा असेल तर? माणसांवर प्रयोग म्हटलं की घरचे घाबरतात.

---

अनुराधा_क

घाबरण्याआधी नोंदणी बघा. भारतात चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत होते. ती २००७ मध्ये सुरू झाली, १५ जून २००९ पासून नोंदणी सक्तीची आहे, आणि कुणालाही फुकट बघता येते. आजाराचं नाव टाकलं की कुठल्या शहरात, कुठल्या रुग्णालयात काय चालू आहे ते दिसतं. नोंद सापडली नाही तर तिथे सही करू नका.

नव्या औषधांच्या चाचण्यांना २०१९ चे नियम लागू आहेत. एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद आहे. संमतिपत्र तुम्हाला कळणाऱ्या भाषेत, म्हणजे मराठीत, मिळालं पाहिजे आणि ते घरी नेऊन वाचायला वेळ मिळाला पाहिजे. कधीही, कारण न देता, बाहेर पडता येतं. आणि एक प्रश्न सही करण्याआधी विचाराच: चाचणी संपल्यावर हे औषध मला मिळत राहील का, आणि ते कोणाच्या खर्चाने?

---

माधवी_ओझर

मुक्ताताईंनी सांगितलेलं थांबण्याचं तंत्र घरी करून बघते आहे. परवा डॉक्टरांना गोळी सोडल्याचं सांगितलं, ते अजिबात रागावले नाहीत. नोंदवही आणा म्हणाले. ती कशी लिहायची? शाळेत मोजमापाचं भांडं कुठे नेऊ?

---

अनुराधा_क

शाळेत भांडं नेऊ नका. मोजमाप सुट्टीच्या दिवशी, घरी. एक जुना मापाचा प्लास्टिकचा मग फक्त यासाठी ठेवा. शाळेच्या दोन दिवशी नुसती वेळ, घाई किती ते ० ते ४ मध्ये, आणि गळलं तर एक खूण. काय प्यायलात आणि केव्हा, तेही लिहा. झोपायची आणि उठायची वेळ विसरू नका, नाहीतर रात्रीच्या फेऱ्या वेगळ्या काढता येत नाहीत. जेव्हाच्या तेव्हा लिहा. रात्री आठवून एकदम लिहिलेली वही आम्हाला बघताक्षणी कळते, सगळ्या वेळा पाच किंवा शून्यावर संपतात. आणि पाळीचे किंवा तापाचे दिवस निवडू नका, नेहमीसारखे तीन दिवस घ्या.

---

शल्यक_कोल्हापूर

त्या वहीत सुट्टीच्या दिवशी दर वेळी ३०० मिलिलिटरच्या वर होत असेल आणि फेऱ्या जास्त असतील, तर पिणं जास्त आहे किंवा साखर तपासायला हवी. दर वेळी १००-१५० च होत असेल तर मूत्राशयाकडे बघायचं. तुमच्या डॉक्टरांना हाच आकडा आधी दाखवा.